नोटेचा आकडा कुठे होतो? पश्चिम केनियासाठी अ‍ॅप करू पाहणाऱ्यांना उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातील आपल्या सहा जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीला पश्चिम केनियातील मका पिकवणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांसाठी बाजारभाव, हवामान आणि कर्ज या तिन्ही सोयी देणारे मोबाइल अ‍ॅप तयार करण्याचे काम एका संस्थेने देऊ केले आहे. आफ्रिकेत मोबाइलने क्रांती केली असे आपण सर्वत्र वाचता. ती कितपत खरी आहे, आणि आपल्या अ‍ॅपमुळे शेतकऱ्याचे उत्पन्न वाढेल असे गृहीत धरावे का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. मोबाइलमुळे केनियातील लोकांचे जगणे बदलले का, याचे उत्तर ‘होय, आणि पुष्कळ’ असे आहे. उत्पन्न वाढले का, याचे उत्तर मात्र ‘काहींचे, काही परिस्थितीत, आणि बहुधा आपल्याला वाटते त्या कारणाने नव्हे’ असे द्यावे लागते. म्हणून अ‍ॅपमध्ये काय काय असावे याआधी मी आपल्याला वेगळेच विचारेन: या अ‍ॅपमुळे शेतकऱ्याचा कोणता खर्च, कोणती खेप किंवा कोणता धोका कमी होणार आहे? हे एका वाक्यात सांगता आले, तर बाकीचे काम अवघड असले तरी शक्य आहे.

माझा अधिकार कितपत आहे तेही आधी सांगतो. मोबाइलवरून पैसे भरून घेणाऱ्या आणि काढून देणाऱ्या दुकानदारांचे, म्हणजे एजंटांचे, जाळे उभे करण्याचे आणि सांभाळण्याचे काम मी नऊ वर्षे केले; त्यातील बहुतेक काळ नैरोबी आणि किसुमू येथे, आणि शेवटचा थोडा युगांडात गेला. मी अर्थशास्त्रज्ञ नाही. आफ्रिकेत ५४ देश आहेत आणि नायजेरिया, इथिओपिया किंवा सेनेगल यांच्याविषयी केनियावरून अनुमान काढणे म्हणजे केरळ पाहून बिहारविषयी बोलण्यासारखे आहे. तेव्हा पुढील बहुतेक विवेचन केनियाचे आहे असे समजावे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. सफारीकॉम या केनियातील मोबाइल कंपनीने मार्च २००७ मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा सुरू केली. ‘पेसा’ हा स्वाहिली शब्द आपल्या ‘पैसा’वरूनच गेला असे मानतात, त्यामुळे मराठी माणसाला हे नाव समजावून सांगावे लागत नाही. कल्पना मात्र आधी वेगळी होती. ब्रिटिश सरकारच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याच्या अनुदानातून आणि व्होडाफोनच्या पुढाकाराने २००५ मध्ये नैरोबी आणि थिका येथे जो प्रयोग झाला, तो फाउलू केनिया या सूक्ष्म वित्तसंस्थेच्या कर्जदारांना मोबाइलवरून हप्ते भरता यावेत यासाठी होता. प्रत्यक्षात लोकांनी त्या सोयीचा वापर एकमेकांना पैसे पाठवण्यासाठी सुरू केला. कंपनीने ते पाहिले, हप्त्यांचा पसारा बाजूला ठेवला आणि ‘घरी पैसे पाठवा’ एवढ्या एकाच गोष्टीवर सेवा बाजारात आणली. आपण एकाच अ‍ॅपमध्ये तीन सोयी कोंबायला निघाला आहात, म्हणून हा इतिहास सांगतो आहे.

‘घरी पैसे पाठवा’ हे तीन शब्द केनियात इतके का चालले, हे कोकणाला समजावून सांगण्याची गरज नाही. गिरणीत काम करणारा चाकरमानी, गावी असलेली बायको आणि म्हातारे आईवडील, आणि दर महिन्याच्या मनीऑर्डरची वाट पाहणारे घर, हे चित्र केनियात विसाव्या शतकाच्या आरंभापासून आहे. फरक इतकाच की गिरणीच्या जागी नैरोबीतील बांधकाम, मोम्बासाचे बंदर किंवा चहाचा मळा आहे. एम-पेसापूर्वी हे पैसे गावी जाणाऱ्या नातेवाइकाच्या हाती, टपाल खात्यातून किंवा बसच्या चालकाकडे पाकीट देऊन जात. मटाटू म्हणजे तिथली वडाप. तिच्या चालकाच्या हाती दिलेले पाकीट बहुतेक वेळा पोचे, पण कधी उशिरा पोचे, कधी हलके होऊन पोचे, आणि गावातील माणसाला ते घ्यायला तालुक्याच्या ठिकाणी यावे लागे. गरज जुनी होती, तिची किंमतही लोक मोजतच होते. नव्या सेवेने ती किंमत आणि धोका दोन्ही कमी केले, म्हणून पहिल्या वर्षभरात सुमारे २० लाख लोकांनी नावे नोंदवली. कोणालाही ‘डिजिटल साक्षर’ करावे लागले नाही.

हे सर्व साध्या बटनांच्या फोनवर चालले, इंटरनेटशिवाय. सेवा सिमकार्डमधल्या मेनूत बसवलेली होती: पैसे पाठवा, क्रमांक, रक्कम, पिन. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला सीकॉम ही समुद्राखालची केबल लागली ती जुलै २००९ मध्ये. तोपर्यंत आंतरराष्ट्रीय इंटरनेटसाठी उपग्रहावर विसंबावे लागत होते आणि तो महाग होता. म्हणजे ज्या बदलाला जग डिजिटल क्रांती म्हणते, तो स्वस्त इंटरनेट येण्याआधीच मार्गी लागला होता.

यापुढचा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण माझी नऊ वर्षे त्यातच गेली आणि बाहेरून येणारे बहुतेक लोक नेमका तोच पाहत नाहीत. फोनमधला आकडा फोनमध्ये तयार होत नाही. कोणीतरी दुकानाच्या जाळीआड बसलेला असतो, तो आपली नोट गल्ल्यात टाकतो आणि आपल्या फोनवर आकडा पाठवतो. दुसऱ्या गावी दुसरा कोणीतरी आकडा घेऊन नोट मोजून देतो. स्वाहिलीत याला वकाला म्हणतात. त्याला दोन साठे सांभाळावे लागतात: गल्ल्यातील रोकड आणि त्याच्या खात्यातील आकडा, ज्याला सगळे फ्लोट म्हणतात. कोणी पैसे भरले की रोकड वाढते आणि फ्लोट घटतो. कोणी काढले की उलटे होते. शहरातले लोक कमावतात आणि पाठवतात, म्हणून शहरातील दुकानांत पैसे भरणारे जास्त. तिथे फ्लोट संपतो आणि रोकड साचते. गावातले लोक पैसे घेतात, म्हणून गावच्या दुकानांत काढणारे जास्त. तिथे रोकड संपते आणि फ्लोट साचतो. नेटवर्क उत्तम असले, सर्व्हर चालू असले, फोनवर हिरवी अक्षरे झळकत असली, तरी गल्ला रिकामा असला की गावापुरते मोबाइल बँकिंग बंद असते.

हा असमतोल रोज कोणीतरी हाताने दूर करत असतो. गावचा दुकानदार सकाळी दुकान बंद करून किंवा मुलाला बसवून बोडाबोडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलच्या, मागे बसतो, वीस-तीस किलोमीटरवरील बँकेत जातो, फ्लोट देऊन रोकड घेतो आणि ती कमरेला बांधून परत येतो. प्रवासाचे पैसे त्याचे, बुडालेल्या धंद्याचे नुकसान त्याचे, वाटेत लुटला गेला तर तेही त्याचेच. त्याला व्यवहारामागे ठरलेले कमिशन मिळते, आणि गावातील व्यवहार छोटे असल्याने ते कमिशनही छोटे असते. मी काम केलेल्या एका जाळ्यात आम्ही एका वर्षात दुकानांची संख्या भराभर वाढवली आणि त्याचा फार अभिमान बाळगला. सहा महिन्यांनी हिशेब मांडला तेव्हा दिसले की तेवढेच व्यवहार अधिक दुकानांत वाटले गेले होते, प्रत्येकाचे कमिशन आटले होते, आणि कोणालाच पुरेशी रोकड ठेवणे परवडत नव्हते. नकाशावर ठिपके वाढले, आणि पैसे मिळण्याची शक्यता मात्र कमी झाली. ती चूक योजनेत होती आणि योजना आखणाऱ्यांत मीही होतो.

व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या एका बाजारगावात मी एकदा दिवसभर एका दुकानात नुसता बसून होतो. दुपारी एक बाई आल्या. नैरोबीतील मुलाने दवाखान्यासाठी ३,००० शिलिंग पाठवले होते आणि संदेश त्यांच्या फोनवर होता. दुकानात त्या वेळी ८०० शिलिंग होते. दुकानदाराने ८०० दिले, उरलेल्यासाठी शेजारच्या मासेवालीकडून १,५०० उसने आणून दिले, आणि बाकीचे उद्या या म्हणाला. आमच्या कार्यालयातील तक्त्यात हे दोन यशस्वी व्यवहार म्हणून नोंदले गेले. मासेवालीची त्यात नोंद नव्हती. त्या दिवसापासून कोणत्याही ‘यशस्वी व्यवहारांच्या’ आकडेवारीकडे मी थोड्या संशयाने पाहतो, आणि आपणही पाहावे असे सुचवतो.

दुसरी अदृश्य गोष्ट म्हणजे नियामक. केनियाच्या मध्यवर्ती बँकेने २००७ मध्ये एम-पेसाला बँक ठरवले नाही आणि बंदही केले नाही. ‘आमची हरकत नाही’ असे पत्र दिले आणि अटी घातल्या. सर्वांत महत्त्वाची अट अशी की ग्राहकांचा सर्व पैसा एका विश्वस्त खात्यात, बँकेत, वेगळा राहील आणि कंपनीला तो वापरता येणार नाही. २००८ च्या अखेरीस या सेवेची सुरक्षितता तपासण्याचे आदेश तत्कालीन अर्थमंत्र्यांनी दिले, तेव्हा व्यवस्था टिकली, त्यामागे ही अट होती. रीतसर कायदा आला तो २०११ मध्ये. आधी पाहा, मग नियम करा, अशी ही पद्धत होती. ती धोक्याची असू शकते. इथे ती उपयोगी पडली, कारण पैसा वेगळा ठेवला होता. एका कंपनीच्या हाती सगळी बाजारपेठ जाण्याचा दोष मात्र त्यातूनच आला. आपल्या एजंटाने दुसऱ्या कंपनीचे काम करू नये ही सफारीकॉमची अट २०१४ मध्ये केनियाच्या स्पर्धा प्राधिकरणाने काढायला लावली, पण तोवर दुकानदारांची सवय पक्की झालेली होती.

आता परिणामांविषयी. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या दोन अभ्यासकांनी केनियातील कुटुंबांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. त्यांच्या २०१४ च्या निबंधातील निष्कर्ष मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो, कारण मी तो डोळ्यांनी पाहिला आहे: आजारपण, नोकरी जाणे किंवा पीक बुडणे असा फटका बसला की एम-पेसा न वापरणाऱ्या कुटुंबांचा उपभोग सुमारे ७ टक्क्यांनी घटे, आणि वापरणाऱ्यांचा जवळजवळ घटत नसे. याचे कारण साधे आहे. लांबच्या भावाला, मावशीला, चर्चमधील ओळखीच्या माणसाला थोडेथोडे पैसे तत्काळ पाठवता येऊ लागले. २०१६ च्या त्यांच्या दुसऱ्या निबंधात या सेवेमुळे सुमारे १,९४,००० कुटुंबे, म्हणजे केनियातील २ टक्के, दारिद्र्यातून वर आली आणि सुमारे १,८५,००० स्त्रिया निव्वळ शेतीतून छोट्या व्यवसायाकडे वळल्या, असा अंदाज आहे. या दुसऱ्या निष्कर्षावर इतर अभ्यासकांनी कडक टीका केली आहे आणि तिच्यात तथ्य आहे असे मला वाटते. टपरी उघडणाऱ्यांची संख्या वाढली म्हणजे एकूण धंदा वाढलाच असे होत नाही, हे मी एजंटांच्या बाबतीत पाहिलेच होते. पहिला निष्कर्ष मात्र टिकून आहे. फोनने पडणाऱ्याला धरले. त्याला वर चढवले का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे तपासावे लागते.

आपल्या अ‍ॅपमधील पहिली सोय बाजारभावाची आहे, आणि तिच्याबद्दल महाराष्ट्राने आधीच काही शिकवून ठेवले आहे. नायजर या देशात २००१ ते २००६ या काळात मोबाइलचे मनोरे उभे राहिले; जेनी एकर यांच्या अभ्यासानुसार त्यामुळे निरनिराळ्या बाजारांतील धान्याच्या भावांतील तफावत १० ते १६ टक्क्यांनी कमी झाली. यावरून शेतकऱ्याला भाव कळला की त्याचा फायदा होतो असे वाटते. पण फोन वापरून त्या तफावतीचा फायदा घेणारे लोक मुख्यतः व्यापारी होते, ज्यांच्याकडे वाहन होते, भांडवल होते आणि माल दुसऱ्या बाजारात नेण्याची शक्ती होती. याउलट आपल्याकडे रॉयटर्स मार्केट लाइट या सेवेने एसएमएसने भाव, हवामान आणि पीकसल्ला शेतकऱ्यांना दिला, तेव्हा फाफशां आणि मिंटन या अभ्यासकांनी महाराष्ट्रातील १०० गावांत रीतसर तुलना केली. सेवा मिळालेल्या शेतकऱ्यांना सरासरीने अधिक भाव मिळाला असे त्यांना आढळले नाही. याचे नवल नाशिकच्या कांदा उत्पादकाला वाटणार नाही. लासलगावचा भाव त्याला ठाऊक असतोच. त्याच्याकडे नसते ती साठवणुकीची जागा, ट्रॉलीचे भाडे आणि तीन आठवडे थांबण्याची ऐपत. पश्चिम केनियातील मका उत्पादकाची स्थिती हीच आहे. कापणीनंतर मुलांच्या शाळेची फी भरायची असते, म्हणून तो भाव सर्वांत कमी असताना विकतो, आणि काही महिन्यांनी खाण्यासाठी तोच मका चढ्या भावाने विकत घेतो. भाव सांगणारा संदेश त्याला फक्त हे सांगेल की तो किती तोट्यात आहे.

म्हणून आपले लक्ष कर्जाकडे वळणार, आणि इथे मी सर्वांत जास्त सावध करू इच्छितो. नोव्हेंबर २०१२ मध्ये एम-श्वारी आले: फोनवरच बचत खाते आणि फोनवरच ३० दिवसांचे छोटे कर्ज, त्यावर ७.५ टक्के शुल्क. त्याला व्याज म्हणत नाहीत, पण वर्षाच्या हिशेबाने ते ९० टक्के होते. तरीही अडचणीच्या वेळी घरातील खर्च भागवायला त्याचा उपयोग झाला, हे नाकारता येत नाही; रात्री दोन वाजता मूल आजारी पडले तर सावकाराचे दार ठोठावण्यापेक्षा हे बरे. पुढे मात्र परवाना नसलेली कर्जाची अ‍ॅप डझनांनी आली. फोनमधील संपर्कयादी वाचायची, हप्ता चुकला की कर्जदाराच्या सासऱ्याला आणि वरिष्ठाला फोन करायचा, असे प्रकार घडले; भारतातही २०२० नंतर आपण हेच पाहिले. दोन-चारशे शिलिंगच्या थकबाकीसाठी लोकांची नावे पतनोंदणी संस्थेच्या काळ्या यादीत गेली. एप्रिल २०२० मध्ये मध्यवर्ती बँकेने नियमनाबाहेरच्या अशा कर्जदात्यांना नावे पाठवण्यास मनाई केली आणि १,००० शिलिंगपेक्षा कमी थकबाकीसाठी नाव काळ्या यादीत टाकू नये असे ठरवले. डिजिटल कर्जदात्यांना परवाना सक्तीचा करणारे नियम मार्च २०२२ मध्ये आले.

आपल्या दृष्टीने मुद्दा असा आहे की मक्याचे पीक चार ते सहा महिन्यांचे आणि फोनवरचे कर्ज ३० दिवसांचे. या दोन घड्याळांचा मेळ बसत नाही. शेतीचे कर्ज कापणीला फिटते. बुंगोमा भागात २००६ मध्ये काम सुरू केलेल्या वन एकर फंड या संस्थेने हे ओळखले: बियाणे आणि खत उधार द्यायचे, हप्ता किती आणि कधी याची हंगामभर मोकळीक ठेवायची, आणि परतफेड मोबाइलने घ्यायची. मोबाइलचा लाभ तिथे नेमका कुठे झाला? पूर्वी गटप्रमुख रोकड गोळा करी, ती मोजायची, पावती लिहायची, बँकेत न्यायची. यात वेळ जाई आणि पैसे मधेच गळत. ती गळती थांबली. बियाणे चांगले होते म्हणून पीक वाढले. मोबाइलने हिशेब स्वच्छ ठेवला. दोन्ही श्रेये वेगळी ठेवणे आवश्यक आहे.

असेच एक उदाहरण सौरदिव्यांचे आहे. एम-कोपा या कंपनीने थोडी अनामत घेऊन सौरपट्टी, दिवे आणि फोन चार्ज करण्याची सोय घरात बसवली आणि रोज ४० ते ५० शिलिंग मोबाइलने भरायला सांगितले. पैसे थांबले की दिवा दूरवरून बंद होतो, भरले की पुन्हा लागतो, आणि साधारण वर्षभरात संच मालकीचा होतो. रॉकेलवर रोज तेवढेच पैसे जळत होतेच. इथेही लोक आधीपासून करत असलेला खर्चच वळवला गेला, आणि रोज पन्नास शिलिंगची वसुली, जी माणूस पाठवून कधीच परवडली नसती, ती परवडू लागली.

आपण संस्थेमार्फत काम करणार आहात म्हणून थेट मदतीचाही उल्लेख करतो. सियाया परगण्यात गिव्हडायरेक्टली या संस्थेने १०,५०० हून अधिक गरीब कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर मोबाइलवरून दिले; ६५३ गावांच्या त्या अभ्यासात दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवस्थेत सुमारे अडीच डॉलरची भर पडली, आणि पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांनाही लाभ झाला. टोगो सरकारने एप्रिल २०२० मध्ये नोव्हिसी ही मोबाइलवरून रोख मदत देण्याची योजना काही दिवसांत उभी केली, आणि पुढे सर्वांत गरीब कोण हे ठरवण्यासाठी उपग्रहचित्रांचा आणि फोनच्या वापराच्या नोंदींचा आधार घेतला. दोन्हीकडे बदल घडवला तो पैशाने. फोन ही नळी होती. मात्र चांगली नळी नसती तर इतक्या कमी गळतीने आणि इतक्या लवकर पाणी पोचले नसते.

हेच यंत्र सरकारला कर लावायलाही सोयीचे पडते, आणि आपल्या आर्थिक आराखड्यात ही जोखीम धरावीच. युगांडाने जुलै २०१८ मध्ये मोबाइल व्यवहारांवर १ टक्का कर लावला; आरडाओरड झाली आणि तो केवळ पैसे काढण्यापुरता अर्धा टक्का करावा लागला. आम्ही तेव्हा तिथेच होतो. काही आठवड्यांत लोक पुन्हा रोकड घेऊन बसने जाऊ लागले, अगदी मटाटूच्या पाकिटापर्यंत मागे. घानाने मे २०२२ मध्ये दीड टक्का कर आणला, पुढच्या जानेवारीत एक टक्क्यावर उतरवला आणि २०२५ मध्ये काढून टाकला. कॅमेरूनने २०१७ मध्ये इंग्रजीभाषक भागांचे इंटरनेट ९३ दिवस बंद ठेवले, तेव्हा बुया शहरातील आपल्यासारख्याच छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे लोक लॅपटॉप घेऊन नेटवर्क असलेल्या गावाच्या शोधात निघाले होते.

आपण भारतातून जाणार म्हणून एक खास इशारा. यूपीआय मनात ठेवून केनियात उतरू नका. यूपीआय बँक खात्यातून बँक खात्यात जाते आणि सामान्य माणसाला मोफत असते. तिथे आकडा दूरसंचार कंपनीच्या वहीत असतो आणि पाठवताना, काढताना शुल्क पडते. शंभर-दोनशे शिलिंगच्या व्यवहाराला ते शुल्क जाणवते. महासाथीच्या आरंभी, मार्च २०२० मध्ये, १,००० शिलिंगपर्यंत पाठवण्याचे शुल्क माफ झाले, तेव्हा छोटे व्यवहार किती वाढले ते आम्ही दुकानांत पाहिले. उलट दिशेचाही धडा आहे. तेच एम-पेसा दक्षिण आफ्रिकेत २०१० मध्ये गेले आणि २०१६ मध्ये बंद झाले. भारतात २०१३ मध्ये आले आणि २०१९ मध्ये गुंडाळले गेले. दोन्हीकडे बँका आधीच अधिक पसरलेल्या होत्या आणि नियम वेगळे होते. यंत्रणा तीच, माती वेगळी.

तर आपल्या कामाविषयी माझे मत असे. तीन सोयींपैकी भावाची सोय आपण वगळली तरी चालेल. हवामानाचा अंदाज उपयोगी आहे, पण तो पेरणीच्या आठवड्यातच आणि तालुक्यापुरता नेमका असला तर. ‘पश्चिम भागात पावसाची शक्यता’ हे शेतकऱ्याला आकाशही सांगते. कर्ज द्यायचेच असेल तर ते आपण देऊ नका, परवानाधारकाला देऊ द्या, परतफेड कापणीला बांधा, आणि एकूण किती परत करायचे तो आकडा टक्क्यांत न सांगता शिलिंगमध्ये पहिल्याच पडद्यावर दाखवा. स्मार्टफोनचे अ‍ॅप क्षेत्र-कार्यकर्त्यासाठी करा. शेतकऱ्यासाठी यूएसएसडीचा, म्हणजे साध्या फोनवर क्रमांक डायल करून इंटरनेटशिवाय चालणारा, मेनू ठेवा, तीन पायऱ्यांहून खोल नको, आणि भाषा स्वाहिलीसोबत त्या भागानुसार लुओ किंवा लुह्यांपैकी योग्य ती बोली असावी. एका घरात एक फोन आणि दोन सिमकार्ड असतात, फोन बहुधा पुरुषाच्या खिशात आणि शेतातील काम बाईच्या हातात असते, त्यामुळे फोन क्रमांक म्हणजे व्यक्ती असे समजून माहितीचा साठा रचू नका. केनियाचा माहिती संरक्षण कायदा २०१९ चा आहे. संपर्कयादी मागण्याची परवानगी आपल्या अ‍ॅपमध्ये असताच कामा नये.

हे सारे कशावर अवलंबून आहे, तेही सांगायला हवे. संस्थेकडे आधीच गावात फिरणारी माणसे असतील, बियाणे-खत वेळेवर पोचवण्याची सोय असेल आणि साठवणुकीसाठी गोदाम किंवा निदान हवाबंद पोती देण्याची तयारी असेल, तर आपले सॉफ्टवेअर त्या कामाचा खर्च खरोखर कमी करील आणि त्या मार्गाने उत्पन्नही वाढू शकेल. यातले काहीच नसेल आणि अ‍ॅप हाच सगळा प्रकल्प असेल, तर मी ते काम घेणार नाही. आपल्याला घ्यावे लागत असेल, कारण सहा जणांचे पगार असतात हे मीही जाणतो, तर करारात ‘डाउनलोडची संख्या’ हे यशाचे माप ठरू देऊ नका. हंगामाअखेर किती जणांनी दुसऱ्यांदा स्वतःहून वापरले, हे माप मागा.

शुल्क शेतकऱ्याकडून घ्यावे की संस्थेकडून, असे आपण शेवटी विचारले होते. पहिल्या दोन हंगामांत संस्थेकडून घ्या. तिसऱ्या हंगामात शेतकरी गटांना, म्हणजे चामांना, विचारा. चामा ही तिथली भिशी आहे, आणि तिच्या बैठकीत पैशाबद्दल जे बोलले जाते ते सर्वेक्षणात कोणी सांगत नाही. जाण्यासाठी फेब्रुवारीअखेर ते मार्चचा आरंभ हा काळ निवडा: मोठा पाऊस लागायचा असतो, बियाण्यासाठी सगळ्यांना पैसे हवे असतात आणि रस्ते अजून चालू असतात. पहिले दोन दिवस संस्थेच्या कार्यालयात न जाता बाजाराच्या दिवशी एखाद्या वकालाच्या दुकानात, त्याची परवानगी घेऊन, बाकावर बसा, आणि त्याचा गल्ला किती वाजता रिकामा होतो ते वहीत लिहून ठेवा.